मार्कस लोहाराचं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेत देवालाही नाही — त्याला ठाऊकच आहे म्हणून तिथंही गप्प बसलो. आज तुम्हाला सांगतो.

मी चौथी पास. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर लोखंड कापलं. आणि रविवारची मराठी उपासना संपली की चर्चच्या बाजूच्या खोलीत तीसेक माणसांना प्रभू येशूविषयी शिकवलं. चौथी पास माणसानं! वर्गात कॉलेजवाले होते, शाळेत शिकवणाऱ्या शीलाबाई होत्या. माझं एखादं नाव चुकलं की त्या बसल्या जागेवरून सुधारायच्या. सुधारा खुशाल — खडू माझ्या हातात होता ना? मी अक्षराला अक्षर जोडत आठवडाभर एकच अध्याय वाचायचो. पण रविवारी तो असा सांगायचो, की येशूला बघायला झाडावर चढलेला जक्कय खाली उतरायला लागला की लोक माना वर करून बघायचे! खरंच बघायचे. ते सुख तुम्हाला कसं सांगू?

पवित्र शास्त्र झालं की मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा इतिहास. त्यासाठी जुन्या पाळकसाहेबांनी मला एक पातळसं पुस्तक दिलं होतं. एका रविवारी विषय होता रोममधला छळ, पहिले विश्वासी कसे मेले ते. आणि मधेच पुस्तक संपलं! वीस मिनिटं बाकी. शीलाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. आता काय करायचं? आज एवढंच, म्हणून खाली बसायचं? आणि चौथीची शिदोरी सरली, असं त्यांनी मनात म्हणायचं?

मी म्हणालो, "रोममध्ये मार्कस नावाचा एक लोहार होता."

कुठून आला कोण जाणे. पण काय आला म्हणता! राजाचा हुकूम सुटला — विश्वासी लोकांसाठी तीन दिवसांत बेड्या घडव. अहो, लोखंड मला शिकवायला नको. ते लाल कधी होतं, केशरी कधी, पाण्यात घातल्यावर कसं ओरडतं, सगळं सांगितलं. आणि मार्कसनं पेटत्या भट्टीवर पाणी ओतलं. म्हणाला, "माझ्या प्रभूच्या माणसांसाठी हा हात बेडी घडवणार नाही." मग शिपायांनी त्याचा तो हात... इथं मी थांबलो. शीलाबाई चष्मा पुसत होत्या.

"लिहून घ्या रे सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. शीलाबाई!

मग पुढच्या वर्षी मी मार्कसला वगळलं का? छे. मंडळी मागायची — काका, तो लोहार सांगा ना. मी सांगायचो. पण हे तर निम्मंच झालं. निम्म्यावर थांबायची मला सवय आहे, म्हणून पुढचं लवकर लिहितो.

मागच्या बाकावर सॅम्युएल बसायचा. बॉयलरचे वॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. एस्तेर त्याची बायको. एका संध्याकाळी स्कूटर दारात लावली न लावली आणि आत आला. "सलाम काका! नाही मारला मी शिक्का!" चिरा गेलेले वॉल्व्ह पास कर, असं वरून सांगितलं होतं. यानं शिक्का टेबलावर ठेवला. शेठ गुजरातीत म्हणाला, "कालथी आवतो नही" — उद्यापासून येऊ नको. "काका, मार्कस समोर उभा होता माझ्या!" मी त्याला मिठी मारली. मला आनंद झाला, लपवत नाही. माझ्या शिकवण्यानं एक माणूस ताठ उभा राहिला होता!

मग तो म्हणाला, "एस्तेर रडतेय काका. म्हणते, तुमचा तो लोहार कुठं लिहिलाय ते दाखवा, मग मी एक शब्द बोलणार नाही. तेवढं पुस्तक द्या ना."

तेव्हाच बोलायचं होतं. पेत्रानं भीतीपोटी येशूला तीनदा नाकारलं, हे मी किती रविवार शिकवलं असेल? आणि मी काय म्हणालो — "इंग्रजी जाड पुस्तक होतं रे, जुन्या पाळकसाहेबांचं. ते वारले, पुस्तकंही गेली." एका भल्या माणसाच्या कबरीवर माझं खोटं ठेवून मोकळा झालो.

सॅम्युएल वर्षभर घरी बसला. एस्तेर डबे करून द्यायला लागली. रविवारी दारात भेटली की विचारायची, "सापडलं का पुस्तक, काका?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच हवं होतं. मी म्हणायचो, "शोधतोय, बेटा." शोधतोय!

मन म्हणतं, म्हाताऱ्या, सॅम्युएलनं केलं ते तर खरं ना? खरं. पण ते त्याचं खरं आहे. त्यात माझा वाटा नाही.

आता माझा आवाज बसतो, म्हणून वर्ग सॅम्युएल घेतो. गेल्या रविवारी त्यानं मार्कस सांगितला. माझ्याहून छान! आणि भरही घातली — मार्कसला बायको होती, ती रडली, भांडली, आणि शेवटी भट्टीवर ओतायचं पाणी तिनंच भरून आणलं. एस्तेर माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "काका, हेही होतं का हो त्या पुस्तकात?"

मी मान हलवली. होतं म्हणून.

ब्याऐंशीव्या वर्षी!

हा कागद उद्या मी स्वतः एस्तेरच्या हातात देणार. रविवारी वर्गापुढं मीच वाचणार, अक्षराला अक्षर जोडत.

एस्तेर, कुठं लिहिलंय म्हणून तू विचारलं होतंस. कुठंच नव्हतं. मार्कस नावाचा तो लोहार कधी झालाच नाही. शीलाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं तेव्हा मी तो उभ्या उभ्या केला. आता हे लिहिलं आहे. खाली माझी सही आहे.