सेल्विनचं नितळ पाणी

सेल्विन अटलीसारखा बढाईखोर माणूस आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतका सरळही नाही. या दोन गोष्टी एका अंगात कशा राहायच्या, ते सांगतो.

तीस वर्षं तो गावाच्या तलावाचा राखणदार होता. पाणी उतरायचं माथ्यावरच्या दलदलीतून, तिथल्या पीटमधून, म्हणजे कुजल्या शेवाळाच्या काळ्याकुट्ट मातीतून. तरी नळाला यायचं काचेसारखं. "दलदलीला वळण लावावं लागतं," सेल्विन पबमध्ये सांगायचा. "चर कुठं खणायचा, तलावाचं दार कधी उचलायचं, ते हातात असावं लागतं." आम्ही माना डोलवायचो. पाणी समोरच होतं ना!

मग एकोणीसशे नव्वदच्या सुमारास गिरण्यांची धुराडी थंडावली, वीजघरंही धूर गाळून सोडू लागली. आभाळ निवळलं. आणि सेल्विन निवृत्त होणार त्याच वर्षी नळाला चहा येऊ लागला. बिनदुधाचा.

म्हातारी ऑलिव्हनं त्याला चॅपलच्या दारातच गाठलं. "पूर्वी धुरानं दोरीवर कपडे काळे व्हायचे. आता टबातूनच तपकिरी निघतात. वर झोपा काढतोस का रे?"

खरी पंचाईत झाली निरोप समितीची. भेटीचं घड्याळ तयार होतं, मागं कोरलेलं: 'तीस वर्षं नितळ पाणी राखल्याबद्दल'. अध्यक्षीण क्रॅबट्रीबाईंनी तोड काढली. "यंदा पाऊस फार झाला, असं मी म्हणते. तू नुसती मान हलव, सेल्विन."

सेल्विनची अब्रू राहत होती. पण गडी समारंभाला आला तो काखेत दोन बरण्या मारून.

"दोन्हींत एकाच खड्ड्यातली पीट आहे. हिच्यात आत्ताच्या पावसाचं पाणी. हिच्यात तेच पाणी, पण बॅटरीतल्या तेजाबाचे दोन थेंब घातलेलं. तीन आठवडे झाले."

पहिली बरणी गडद तपकिरी, दुसरी फिक्या गवतासारखी.

"धुरातल्या गंधकानं पाऊस आंबट व्हायचा," सेल्विन म्हणाला. "आंबट पाण्यात पीटचा रंग सुटत नाही, मातीतच बसून राहतो. विद्यापीठातून पाणी तपासायला बाई येतात, त्यांनी सांगितलं तेव्हा मी भांडलो त्यांच्याशी. मग बरण्या मांडल्या. पाऊस सुधारला, रंग सुटला. माझा दोष नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. ऑलिव्ह सोडून.

"मग तीस वर्षं पाणी नितळ ठेवलं कुणी?"

सेल्विनचे कान लाल झाले. "धुराड्यांनी."

"आणि तुझे चर?"

"चरांतून पाणी यायचं, ऑलिव्हबाई. एवढंच."

आणि जो हशा उसळला! "अरे, घड्याळ धुराड्याला द्या!" मागून कुणी ओरडलं.

"कोरलेलं घड्याळ दुकानदार परत घेत नाही," क्रॅबट्रीबाई म्हणाल्या. "घे मुकाट्यानं."

घरी जाताना मी सेल्विन आणि त्याची बायको डोरीन यांच्याबरोबर होतो. डोरीन म्हणाली, "गप्प बसला असतास तरी हेच घड्याळ मिळालं असतं."

"मग दर तासाला ते माझ्याशी खोटं बोललं असतं."

"आता काय वेगळं बोलणार आहे? मागं कोरलंय की!"

सेल्विन थबकला.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर स्वारी अंगणात घड्याळ पालथं घालून कानस चालवत होती. 'नितळ' तेवढं घासून गेलं होतं. बाकीचं खरं होतं, ते त्यानं राहू दिलं.