जुबैदाखालाचे हात

फिजा आमच्या नेरची. तिच्या अब्बांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान माझ्या फ्रेमांच्या दुकानाला लागून. लग्नघरी बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालत नाही, तिथं फिजाला बोलावतात. त्या खोलीतला फोटो नवरीच्या घराबाहेर जाणार नाही, हा तिचा शब्द. त्यावरच तिचा धंदा उभा आहे.

आणि तोच शब्द या पोरीनं मोडला.

यवतमाळला नवोदित छायाचित्रकारांचं प्रदर्शन होतं. तिनं अतियाच्या लग्नातला फोटो पाठवून दिला. अतियाची आई जुबैदाखाला रुखसतीनंतर, लेकीची पाठवणी झाल्यावर, खिडकीशी एकटीच बसली आहे, लेकीची ओढणी दोन्ही हातांनी छातीशी आवळून. फिजा फ्लॅश वापरत नाही. एक्सपोजर उतरवून तिनं चेहरा अंधारात बुडवला होता, उजेड फक्त हातांवर. फ्रेम मीच करून दिली.

"चेहराच नाही, मंग ओळखनार कोन?" फिजा म्हणाली.

मलाही पटलं. काय शहाण्या आम्ही दोघी! नेरातल्या कितीतरी नवरीमुलींना मेंदी जुबैदाखालानंच लावलेली. तिच्या बोटांची टोकं बारा महिने तांबडी, उजवी करंगळी वाकडी. त्या हातात हात देऊन तासन्‌तास बसलेल्या बायकांना चेहरा कशाला लागतो?

आयोजकांनी निवडलेले फोटो मोबाइलवर टाकले आणि गावभर झालं. रुखसतीला रडणाऱ्या आयांना दटावणारी जुबैदाखाला स्वतः रडली होती! बाभुळगावच्या लग्नघरातून फिजाला फोन आला, "शुक्रवारच्या मेंदीचं पाहू, कळवतो." हे 'पाहू' म्हणजे काय, ते आम्हाला बरोबर कळलं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी फिजाबरोबर होते. परीक्षक पलीकडच्या भिंतीपासून एकेक फोटो पाहत येत होते. तेवढ्यात दारातून जुबैदाखाला आत आली. सरळ आपल्या फोटोपुढं जाऊन तिनं नकाब वर केला आणि पाहत राहिली. फिजा तिच्याजवळ गेली.

"खाला, उतरवू?"

"तुले काय वाटते?"

परीक्षक आता शेजारच्याच फोटोपाशी होते. फिजानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि फ्रेम खाली काढली. मला असा संताप आला! दोन मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं? खालानं फ्रेम बुरख्याआड घेतली आणि निघून गेली. परीक्षक रिकाम्या खिळ्यासमोरून पुढं सरकले.

बाभुळगावहून ये म्हणाले नाहीत, येऊ नकोही म्हणाले नाहीत. शुक्रवारी फिजा गेली. एकटीनं जायची हिंमत होईना, म्हणून मला ओढून नेलं. ती खोलीच्या दारात दिसली तशा बायका बोलायच्या थांबल्या. कुणी 'ये' म्हणेना. तिचे पाय उंबऱ्यावरच अडले. मला वाटलं, संपलं आता हिचं.

आत जुबैदाखाला नवरीला मेंदी लावत होती. मान वर न करता ती खिडकीपासून थोडी बाजूला सरकली.

"उभी काहून हायेस? बस इथं. उजेड इथूनच येते ना तुले?" मग मेंदीचा कोन पुसत म्हणाली, "अन् माहे हात काढशीन, तं पयले मले इचार."

फिजा तिच्याशेजारी बसली आणि कॅमेरा मांडीवरच ठेवून तिनं विचारलं, "खाला, हातांचा फोटो काढू?"