शेवंताचे देव आमच्या घरी

खरं सांगते, त्या दिवसांत माझा देवावर विश्वास राहिला नव्हता, आणि नवऱ्यावर तर त्याहून नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पालेगाव तेव्हा गावच होतं. मातीच्या भिंती, वर कौलं. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात सुतार. दर रविवारी भजनी मंडळातली माणसं घेऊन अडल्यानडल्याचं घर फुकट नीट करून द्यायचे. लोक तोंड भरून कौतुक करायचे, आणि इकडे माझ्या चुलीवर पाणी गळायचं! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

त्या उन्हाळ्यात नंबर लागला शेवंताच्या घराचा. ही आमची शेजारीण, तरुणपणीच विधवा झालेली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सच्या पँटी आणून घरी धागे कापायची. कष्टाळू होती, नाही म्हणत नाही. पण हे तिच्या छपरावर चढणार म्हटल्यावर माझा नुसता जळफळाट झाला. “आपलं छप्पर कधी दिसणार तुम्हाला?” मी विचारलं. म्हणाले, “अगं, तिला कोण आहे? आपलं पुढच्या रविवारी.” तो पुढचा रविवार मी लग्न झाल्यापासून ऐकत होते.

कौलं उतरवायची तर घरातले देव उघड्यावर ठेवत नाहीत, शेजारी नेऊन ठेवतात. यांनी मला न विचारता तिला सांगून टाकलं, “आमच्याकडे ठेव.” रविवारी सकाळी शेवंता ताम्हणात देव घेऊन दारात उभी. मधोमध तिच्या कुळाचा खंडोबा, चांदीचा टाक. दुसऱ्याचे देव आपल्या देवांत मिसळायचे नाहीत, म्हणून वेगळा पाट मांडायचा होता. मोकळी जागा एकच, तुळईखाली, आणि तिथे अजून रांगतही नसलेल्या माझ्या लेकीची झोळी टांगलेली. देवांच्या डोक्यावर पोरीची धार पडली म्हणजे? शेवटी झोळी सोडली आणि पोरीला दाराशी गोधडीवर टाकलं. मनात म्हटलं, नवरा नेलास तो नेलास, आता माझ्या लेकराची जागाही घे बाई! तोंडानं म्हटलं, “ये, ये, ठेव.”

दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते, पोर शेजारी झोपली होती. वारा नाही, काही नाही, आणि आत कडाड्कन आवाज झाला. वळून बघते तो तुळई भिंतीतून सुटून खाली आलेली, तिच्यामागून कौलं, आणि घरभर माती. वाळवीनं तिचं टोक आतून खाऊन टाकलं होतं. गावाची घरं तपासणाऱ्या सुताराला ते दिसलं नव्हतं. मी लेकीला उराशी धरून ओरडत राहिले. हे शेवंताच्या छपरावरून उतरून धावत आले, झोळीची ती जागा बघितली आणि उंबऱ्यातच बसून रडायला लागले.

पाट दुभंगला होता, ताम्हणाचा चेंदामेंदा झाला होता, आणि खंडोबाच्या टाकाला कपाळापासून छातीपर्यंत खोल चेप पडला होता. असा देव पुजू नये म्हणतात. शेवंताला आता काय तोंड दाखवू? ती आली. टाक उचलून पदरानं पुसला, कपाळाला लावला. मग माझ्या पोरीचं डोकं, छाती, पाय चाचपून बघितले. “कुठं लागलं नाही ना, वहिनी?” एवढंच विचारलं.

आणि मेलं माझं मन! मला पुन्हा तिचा हेवा वाटला, आधीपेक्षाही जास्त. आता छपराचा नाही, त्या देवाचा. मी पदर पसरला. “शेवंता, हा टाक मला दे. तुला नवा घडवून देते. माझ्या लेकीवरचा घाव यानं अंगावर घेतलाय गं.” एरवी कुणाला नाही न म्हणणारी शेवंता मान हलवून म्हणाली, “तुमची पोर तुमच्याकडं राहिली की, वहिनी. माझा देव माझ्याकडं राहू द्या.”

आता तिथे इमारती झाल्या, लेक संसाराला लागली. त्या दिवशी मी भक्तीनं काहीच केलं नव्हतं. झोळी सोडली तीही चरफडत सोडली. तरी देवानं माझं पोर राखलं, हे आठवलं की मान आपोआप खाली जाते. काय द्यायचं, कुणाच्या हातून द्यायचं, ते त्याचं तो बघतो. आपण जागा करून द्यावी. दर चंपाषष्ठीला मी शेवंताकडे जाते. तिच्या देव्हाऱ्यात तो चेपलेला टाक बघितला की अजून वाटतं, हा माझ्या घरी हवा होता. मग तिथंच, तिच्या देवापुढे डोकं टेकते.