दुसऱ्या फवाऱ्याची वाट

काही घडले नाही तर माणूस बिनकामाचा आणि काही घडले तर दोषी, अशा ज्या मोजक्या नोकऱ्या जगात आहेत, त्यांपैकी एक त्याच्या वाट्याला आली होती. बंदराच्या तोंडाशी असलेल्या टेकडीवर, टेहळणीच्या खोलीत बसून समुद्रात देवमासे दिसतात का ते पाहायचे आणि दिसले की फेरीबोटीला वायरलेसवरून कळवायचे. कळवले की बोटीने वेग उतरवायचा आणि देवमासा बाजूला होईपर्यंत पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने जायचे. भूगोलाची पदवी पदरात असलेला माणूस या खोलीत कसा येऊन पोचला, हे विचारण्याचे सौजन्य कोणी दाखवले नाही आणि कोणी दाखवले असते तरी त्याला धड सांगता आले नसते. शिकवायला मिळेल म्हणून तो काही वर्षे शाळा-महाविद्यालयांचे उंबरठे झिजवत राहिला. ते झिजले, एवढेच.

धक्क्यावरचे लोक त्याला 'दुर्बीण' म्हणत. हे नाव त्याच्या गळ्यातल्या, रबर उकललेल्या जड दुर्बिणीवरून पडले, की तो माणसांकडेही दुरूनच पाहतो म्हणून पडले, याविषयी धक्क्यावर दुमत होते. त्याने लग्न केले नाही. राहायला थोरल्या बहिणीच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत. आणि जेवायला तिच्याच टेबलावर, मेहुण्याच्या समोर. हा मेहुणा, म्हणजे त्याचे दाजी, फेरीबोटीचे कप्तान. दिवसभर ज्याला वायरलेसवरून वेग उतरवायला सांगायचे, त्याच्याच घरची भाजी संध्याकाळी ताटात वाढून घ्यायची, हा योग सुखाचा नव्हता.

टेहळणीच्या खोलीला तीन बाजूंनी काचा होत्या. खाऱ्या वाऱ्याने त्यांवर रोज पांढरट पूट चढे आणि रोज सकाळी तो ती ओल्या फडक्याने पुसून काढी. साफसफाईला माणूस देण्याचे आश्वासन त्याच्या नेमणुकीइतकेच जुने होते. खुर्चीची बैठक खचली होती, म्हणून तीवर घोंगडीची घडी. वायरलेसच्या बटणावरची अक्षरे त्याच्या अंगठ्याने पार पुसली गेली होती. आणि चौथ्या बाजूला, जिथे काच नव्हती त्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक टंकलिखित कागद लटकत असे. देवमाशाच्या श्वासाचे दोन फवारे स्पष्टपणे दृष्टीस पडल्याखेरीज फेरीबोटीस सूचना देण्यात येऊ नये, असे त्यावर लिहिले होते.

ही भाषा कार्यालयाची वाटली तरी ती त्याची स्वतःची होती.

झाले होते ते असे. आदल्या वर्षी एका ढगाळ सकाळी त्याने देवमाशाची पाठ दिसल्याचे कळवले. दाजींनी वेग उतरवला. उतारू कठड्याशी गोळा झाले, मुलांना खांद्यांवर घेतले गेले आणि ती पाठ जवळ आली तेव्हा तिच्यावर एक समुद्रपक्षी निवांत बसलेला होता. तो ओंडका होता. बोट उशिरा पोचली, काहींची पुढची गाडी चुकली आणि कोणीतरी रागाने तक्रार केली. इतके सारे होऊनही प्रकरण हसण्यावारी गेले असते. बंदराच्या व्यवस्थापकांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि समुद्रात असे व्हायचेच, म्हणून विषय संपवायला घेतला होता. परंतु घरी आणि धक्क्यावर तोवर दाजींचे सुरू झाले होते. वायरलेसवर दर फेरीला विचारणा होई, "काय मेहुणे, आज देवमासा की सरपण?" आणि बोटीवरची खलाशीमंडळी मागे खिदळत. शिकलेल्या माणसाला अपमान पचत नाही. तो त्याचे नियमात रूपांतर करतो. व्यवस्थापकांसमोर ताठ बसून त्याने सांगितले की यापुढे दोन फवारे पाहिल्याशिवाय तो तोंडच उघडणार नाही. तसा नियमच करावा. व्यवस्थापकांना नियम आवडत, विशेषतः दुसऱ्याने आयते घडवून आणलेले. त्यांनी तो त्याच्याच शब्दांत टंकून घेतला, चौकटीत बसवला आणि भिंतीवर ठोकण्यासाठी खिळाही पाठवला.

थंडी सरता सरता 'वाकडी' आली. हे नाव त्याने ठेवलेले. तिच्या शेपटीचे डावे पाते कधीकाळी दोरात अडकून वाकले असावे. बुडी मारताना ते वर उचलले जाई तेव्हा हात मोडलेल्या माणसाने निरोप द्यावा तसे दिसे. दर वर्षी ती उथळ पाण्यात काही दिवस थांबून पुढे जायची. या वर्षी मात्र तिच्या कुशीला चिकटून एक लहानशी राखाडी पाठ वर येत होती. पिल्लाच्या अंगात पोहून जाण्याइतके बळ भरेपर्यंत ती इथून हलणार नव्हती आणि हे पाणी म्हणजे नेमका फेरीबोटीचा मार्ग.

त्याने हे जेवताना ताईला सांगितले. त्याला एवढे बोलताना ऐकून तिने वाढता वाढता हात थांबवला.

"म्हणजे बाळंतीण आहे ती. मग नीट लक्ष ठेव हो तिच्याकडे."

"स्वतःचा संसार मांडता आला नाही," दाजी घास चावत म्हणाले, "आणि आता देवमाशांची बाळंतपणं काढतायत साहेब."

"तुम्ही बोट नीट चालवा म्हणजे झालं," ताई म्हणाली.

"मी कधी नाही म्हटलंय? हा सांगेल तिथे हळू करतो. फक्त सरपण सांगू नकोस रे बाबा."

पुढचे दिवस त्याच्या आयुष्यातले बरे दिवस म्हणावे लागतील. वाकडी निर्धास्त होती. तिचा फवारा उंच उडे, उन्हात झळकून विरून जाई, आणि थोड्या वेळाने दुसरा उडे. मग तो बटण दाबी आणि खालची पांढरी बोट, एखादी आज्ञाधारक गाय वळावी तशी, सावकाश होई. आईच्या मागोमाग पिल्लाचा मूठभर फवारा उडायचा. त्याची नियमात गणना नव्हती, पण तो मनात मोजत असे. आपल्या एका शब्दाने जगातले काहीतरी खरोखर थांबते, हा अनुभव त्याला नवा होता. कोणीतरी आपल्या भरवशावर आहे, हाही.

मग एका सकाळी ओर्का आले.

त्यांना ओळखायला पदवी लागत नाही. काळेकुळकुळीत, पोटाशी पांढरे आणि पाठीवरचा पर माणसाच्या उंचीचा, पाण्यातून सुरी फिरवल्यासारखा सरळ येणारा. कळपाने येतात, देवमाशांच्या पिल्लांची शिकार करतात आणि फोटोत फार सुरेख दिसतात. त्यामुळे लोकांना ते मनापासून आवडतात. त्याने बातमी देताच तासाभरात धक्का फुलून गेला. ज्या व्यवस्थापकांचा फोन कधी येत नसे त्यांचा आला. त्याचे अभिनंदन झाले, ओर्का दाखवायला बोटीची जादा फेरी सोडत असल्याचे सांगण्यात आले आणि कळप कुठे सरकतो ते सतत कळवत राहण्याची विनंती झाली. विनंती. एवढी वर्षे त्याला सूचना होत असत.

तो कळवत राहिला. त्याचा आवाज बोटीवरच्या कर्ण्यातून उतारूंना ऐकवला जात होता आणि त्याला ते ठाऊक होते. तो वाक्ये नीट बांधून बोलू लागला. दुर्बीण दूरच्या पाण्यावर खिळून राहिली.

त्याला एक गोष्ट माहीत होती. पुस्तकात वाचली होती आणि एकदा डोळ्यांनी पाहिलीही होती. ओर्का आसपास असले की पिल्लाची आई फवारा उडवत नाही. किनाऱ्याच्या खडकांना बिलगून, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर काढून, घरात चोर शिरल्यावर अंथरुणातला माणूस श्वास घेतो तसा ती घेते. हे सगळे त्याच्या डोक्यात होते. पण त्या सकाळी डोक्यात दुसरी वर्दळ फार होती.

जादा फेरीची बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा त्याने दुर्बीण सहज जवळच्या पाण्याकडे वळवली. बोटीच्या मार्गातल्या वळणावरच्या खडकांशी काहीतरी उडाले. धुक्याचा एक पुंजका, नीट दिसायच्या आधीच विरलेला. तो फवारा असेल. खडकावर फुटलेल्या लाटेचे तुषारही असतील. पाठ दिसली नाही, शेपूट दिसली नाही. त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. बोटीवर माणसांची दाटी झाली होती. कर्णा चालू होता. या क्षणी लाकूड निघाले, लाटच निघाली, तर गाव वर्षभर हसणार होते. त्याने भिंतीकडे पाहिले नाही. त्याची गरज नव्हती. तो दुसऱ्या फवाऱ्याची वाट पाहू लागला.

वायरलेसमधून दाजींचा आवाज आला. गर्दीमुळे ते रंगात होते.

"काय मेहुणे, वाट मोकळी ना?"

"खात्रीचं असं काही दिसत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मोकळी."

त्याने दुर्बीण पुन्हा खडकांवर रोखली. अंगठा बटणावरच होता. बोटीने वेग घेतला, पाठीमागे पांढरा पट्टा रुंदावत गेला आणि वळणावर बोटीचे नाक एकदम वर उचलले जाऊन खाली आदळले. कठड्याला टेकलेली माणसे एकमेकांवर कोसळली. कर्ण्यातून कोणाचे तरी ओरडणे ऐकू आले आणि मग कर्णा बंद झाला. पाण्याचा रंग बदलला. मागच्या बाजूला शेपटीचे वाकडे पाते एकवार वर आले, नेहमीसारखे, आणि नेहमीपेक्षा सावकाश खाली गेले.

चौकशी झाली. चौकशी करणारे सभ्य होते. त्यांनी विचारले, दोन फवारे दिसले होते का. तो म्हणाला, नाही. त्यांनी भिंतीवरची चौकट वाचली, माना डोलावल्या आणि नियमाचे काटेकोर पालन झाल्याबद्दल समाधान व्यक्त केले. दाजींनाही दोष दिला गेला नाही. त्यांना सूचनाच मिळाली नव्हती. दोष कोणाचाच नव्हता, असे पूर्ण विचारांती ठरवण्यात आले. निष्काळजीपणाला शिक्षा तरी असते. नियमाने वागून केलेल्या घाताला दंडसंहितेत कलम नाही.

पिल्लू मात्र तिथेच राहिले. वळणावरच्या पाण्यात ते घिरट्या घालत असे आणि त्याचे ते मूठभर फवारे एकामागून एक उडत: दुसरा, तिसरा, चौथा. आता त्याला गप्प राहायला शिकवणारे कोणी नव्हते. टेकडीवरून त्याने प्रत्येक वेळी बटण दाबले. नियमाची पूर्तता यापेक्षा चोख कधी झाली नसेल. दाजी दर वेळी वेग उतरवत आणि वायरलेसवर फक्त "ऐकलं" म्हणत. सरपणाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याने व्यवस्थापकांना भेटून त्या वळणावर फेऱ्या थांबवण्याविषयी आणि पिल्लाला खुल्या समुद्राकडे हाकलण्याविषयी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि जादा फेऱ्यांची तिकिटे अगोदरच विकली गेल्याचे खेदाने कळवले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ओर्कांनी ते फवारे ऐकले किंवा पाहिले. भर दुपार होती, ऊन स्वच्छ होते आणि धक्का माणसांनी भरला होता. त्याने ते दुर्बिणीतून शेवटपर्यंत पाहिले, कारण ते पाहणे हेच त्याचे काम होते. असे दृश्य किनाऱ्याजवळ क्वचितच पाहायला मिळते, असे लोक म्हणाले, आणि ते खरेच होते.

त्या संध्याकाळी ताईने वाढले आणि ती स्वतः न जेवता उठून आत गेली. दाजी बराच वेळ पाण्याचा पेला फिरवत बसले. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाले,

"तुला काहीतरी दिसलं होतं ना तेव्हा?"

त्याने ताटातला भात चिवडायला घेतला. तेवढ्याने उत्तर झाले.

"नुसतं 'हळू' म्हणायचं होतंस. मी केली असती हळू. सरपण असतं तरी केली असती." त्यांनी पेला खाली ठेवला. "चिडवायचो ते चिडवणं होतं रे. त्यात एवढं काय धरून बसायचं?"

या प्रश्नाला उत्तर असते तर त्याचे आयुष्य वेगळे झाले असते. त्याने ताटातला भात संपवला, ताट उचलून मोरीत ठेवले आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन पडला.

पुढच्या वर्षी थंडी सरली तेव्हाही काचांवर पूट चढतच होती आणि तो ती पुसतच होता. साफसफाईचा माणूस आला नव्हता. वाकडीच्या वाटेने दुसरी कोणी आली नाही. देवमाशांनी आपला रस्ता बदलला असावा, असे जाणकारांचे मत पडले. ओर्का मात्र ठरलेल्या वेळी आले, जादा फेऱ्या सुटल्या आणि व्यवस्थापकांनी चौकटीच्या काचेला तडा गेला म्हणून नवी काच बसवून दिली.

फेरीबोट त्या वळणाशी आली की दाजी अजूनही न सांगता वेग उतरवतात. खाली पाणी हिरवे आणि रिकामे असते. वायरलेस खरखरतो.

"काय मेहुणे, आहे काही?"

तो दुर्बीण खडकांवरून सावकाश फिरवतो, परत आणतो, पुन्हा फिरवतो.

"काही नाही, दाजी."

तरीही बोट तशीच, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने, वळण पार करते. आणि कठड्याशी उभे असलेले उतारू एकमेकांना विचारतात, इथे आहे तरी काय पाहण्यासारखे.