नोंदीत नसलेली हाक

धोंडबा गजभियेच्या ऑफिसात साहेब बदलले, पंखे बदलले, पण धोंडबाचं अक्षर बदललं नाही. ऑफिस कुठल्या खात्याचं ते विचारू नका. सरकारी होतं, नागपूरच्या महाल भागातल्या एका भाड्याच्या इमारतीच्या माडीवर होतं, आणि नद्यांवरच्या चौक्यांशी वायरलेसवर बोलून पाण्याची पातळी वहीत लिहायची, एवढंच त्याचं काम होतं. धोंडबा बावीस वर्षं ती वही लिहीत होता. खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही, आकडा असा की सासऱ्यानं चष्म्याविना वाचावा. नवा माणूस कामावर आला की त्याला आधी धोंडबाची वही दाखवत आणि मग संडास कुठे आहे ते.

एवढी काळजी उगाच नव्हती. धोंडबा नागपूरच्याच इंदोरा वस्तीतला. बाप गिरणीत होता. छप्पन साली सगळ्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा धोंडबा चौदा वर्षांचा होता, आणि पुढं घरातला पहिला मॅट्रिक तोच झाला. नोकरीचा कागद हातात आला त्या दिवशी आई, भीमाबाई, म्हणाली, "बाबू, दुसऱ्याची चूक झाली तर ते त्याची चूक. आपली झाली का लोक म्हणतात, ह्याईचं असंच राह्यते." धोंडबानं ते असं मनावर घेतलं की बावीस वर्षांत शाईसुद्धा सांडू दिली नाही.

आता इतकं नाकासमोर चालणाऱ्या माणसाला व्यसन लागलं तर एकच लागतं, दुसऱ्याचं नाक कुठं चाललंय ते पाहण्याचं. धोंडबाला ते लागलं मनोहररावापायी. मनोहरराव दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. माणूस हसतमुख, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला म्हणून पानठेल्यावर जायचा तो तासाभरानं परतायचा. चौकीवाले बिचारे हाका मारमारून घसा कोरडा करत. धोंडबाला हे नुसतं कानावर होतं. त्याला पुरावा पाहिजे होता. कशासाठी, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं.

शहाऐंशी साली पुरावा घरबसल्या आला. त्याची बायको प्रेमिला हिचा भाऊ मस्कतहून सुटीवर आला आणि परत जाताना दोन खोकी मागे ठेवून गेला. एकात रबराच्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, सोबत चंदेरी कागदाच्या चार बोटं रुंद पट्टीवर छापणारं यंत्र. दुसऱ्यात स्कॅनर, म्हणजे असा रेडिओ जो आपणच एकेक जागा चाचपत पुढं सरकतो, कोणी बोलत असलं तिथं थांबतो, आणि थांबला की लाल दिवा लावतो. असा रेडिओ घरात ठेवायला परवाना लागतो, हे धोंडबाला मेव्हण्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण बाजूचा सावजी खानावळवाला परवान्याशिवाय काय काय विकतो हेही माहीत होतं, तेव्हा मन लवकर तयार झालं.

सहा महिने तो त्या खोक्यांपुढं बसला. सोबतचं पुस्तक इंग्रजी, धोंडबाचं इंग्रजी अर्जापुरतं. शेवटी त्यानं लाल दिव्याच्या दोन तारा कॉम्प्युटरला झाळल्या आणि स्वतःच्या हातानं आज्ञा लिहिल्या. दिवा लागला की वेळ लिही. विझला की किती सेकंद लागला ते लिही. वीज गेली तर म्हणून स्कूटरची बॅटरी जोडली. रोज सकाळी आकाशवाणीच्या टोल्यांवर घड्याळ मिळवायचं. बाकी सगळ्या जागा बंद करून स्कॅनर फक्त आपल्या ऑफिसच्या लहरीवर खिळवला. एकदा काम सुरू झालं की टीव्ही काढून घेतला तरी चालतो, हे कळल्यावर प्रेमिलाचा रविवारचा सिनेमा वाचला आणि घरात पुन्हा वेळेवर भाजी शिजू लागली.

आणि काय ती पट्टी. चौकीची हाक, लगेच ऑफिसचं उत्तर, म्हणजे दोन ओळी लागोपाठ. ओळ एकटीच आली तर समजायचं, हाक गेली आणि कोणी उठलं नाही. मनोहररावाच्या पाळीत एकट्या ओळींचा नुसता पाऊस. दर रविवारी धोंडबा सतरंजीवर आठवड्याच्या पट्ट्या पसरायचा आणि लाल पेन्सिलीनं खुणा करायचा. त्याचा चेहरा तेव्हा असा खुलायचा की पाहुण्यांना वाटावं, लॉटरी पाहून राहिला.

प्रेमिला एकदा म्हणाली, "त्या मनोहररावाचं पाहून तुमाले काय भेटून राहिलं?"

"काही नाही. मले नुसतं माहीत राह्यते."

"आपलं ठेवावं झाकून," प्रेमिला म्हणाली आणि उरलेली म्हण न बोलता चुलीकडे गेली. धोंडबानं ते ऐकलं नाही. साहेबाकडे चुगली करणं त्याच्या रक्तात नव्हतं, पण मनातल्या मनात उंच होणं होतं. सोमवारी तो मनोहररावाला पाहून हसायचा, आणि मनोहररावाला वाटायचं, भला माणूस आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती धोंडबानं कोणालाच सांगितली नसती, कारण त्याला ती गोष्ट वाटतच नव्हती. चौकीनं दर तासाला पातळी कळवायची असा नियम. पण नदी शांत असली की दुपारी कोणी कोणाला बोलवायचं नाही, अशी दोन्हीकडची समजूत होती. पातळी बदलली तरच हाक द्यायची. वहीत मात्र दर तासाला काहीतरी हवं, म्हणून 'जैसे थे' लिहायचं. आणि जे लिहायचंच आहे ते तासाची वाट पाहून कशाला लिहा? धोंडबा दीड वाजता डबा खाऊन हात धुवायचा आणि दोनचं, तीनचं 'जैसे थे' सहीनिशी लिहून टाकायचा. सुंदर अक्षरात.

त्या वर्षी मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, असंच झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसात खबर आली की दुपारी कन्हान नदीला एकाएकी लोंढा आला. पुलाच्या कामावरचं चारशे पोती सिमेंट गेलं, मिक्सर गेला, आणि ठेकेदाराचा मुकादम बाभळीवर चढून बसला तो संध्याकाळी उतरला. जीव कोणाचा गेला नाही. ठेकेदाराची तक्रार मात्र थेट वरपर्यंत गेली. इशारा का मिळाला नाही?

कन्हानच्या चौकीवर लहानू होता, रोजंदारीवरचा, आठ वर्षं कायम होण्याची वाट पाहत बसलेला. त्याच्या फाटक्या वहीत पेन्सिलीनं वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, 'दोन बारा, दोन चौदा, दोन सतरा, नागपूरले बोलावलं, उत्तर नाही'. धोंडबाच्या वहीत हाकेची नोंद नाही, दोनला आणि तीनलाही मोत्यासारखं 'जैसे थे'. दोन वह्यांतली एक खोटी. दोघांनाही नोटीस निघाली. सोमवारी चौकशी, आणि ज्याची वही खोटी तो घरी जाणार.

धोंडबाला राग आला. खोटं लिहितो म्हणजे काय? तो बावीस वर्षं सीटवर होता आणि त्या दिवशीही होता. हे त्याला आठवत नव्हतं, माहीत होतं, कारण वहीत होतं. वर त्याच्याकडे असा साक्षीदार होता जो खर्रा खात नाही आणि कोणाचा मामा नाही. रविवारी सकाळी त्यानं मारबतीच्या दिवसाची पट्टी काढली आणि प्रेमिलालाही बोलावलं, की ये, लहानूचं खोटं पाह्य.

एक वाजता दोन ओळी. चार वाजता दुसऱ्या चौकीच्या दोन ओळी. मध्ये, दोन बारा, एकटी ओळ, चाळीस सेकंद. दोन चौदा, एकटी. दोन सतरा, एकटी, या वेळी एक मिनिट दहा सेकंद.

धोंडबानं चष्मा पुसला. मग घड्याळावर संशय घेतला. पण एकची आणि चारची वेळ त्याच्याच वहीशी मिनिटाला मिनिट जुळत होती. घड्याळ बरोबर होतं. मग हळूहळू त्याला ते आठवू लागलं, जे वहीत नव्हतं. खालून ताशे वाजले होते. बडग्यांची, म्हणजे कागदी पुतळ्यांची, मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली होती, आणि यंदा फाईलवर डोकं ठेवून घोरणाऱ्या सरकारी बाबूचा मोठा बडग्या आहे असं चपराशी सांगत आला होता. पाच मिनिटं, म्हणून धोंडबा जिना उतरला होता. फाटकाशी उभा राहून, हातात शेंगा घेऊन, त्या कागदी बाबूला पाहून पोट धरून हसला होता. वर खोलीत लहानू बोलावत होता.

मनोहररावाला धरायला लावलेला पिंजरा, आणि आत कोण बसलं होतं? धोंडबाला भयंकर लाज वाटली. इतकी की प्रेमिलाकडे पाहवेना.

प्रेमिलाला ओळी वाचता येत नव्हत्या, नवऱ्याचा चेहरा येत होता. "जाळून टाका ते पट्टी," ती म्हणाली. "कोणाले काय माहीत?"

"त्याले काढतीन."

"तुमी हरिश्चंद्र काहून होऊन राहिले?" मग तिनंच विचारलं, "लेकरं हायेत का त्याले?"

"दोन."

सोमवारी सकाळी प्रेमिलानं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता.

चौकशीला रुपराव काळमेघ साहेब बसले होते. वायरलेस खोलीचे प्रमुखही तेच, चौकशी करणारेही तेच. सरकारात असं चालतं. त्यांनी चहा मागवला आणि धोंडबाला बसा म्हटलं. एवढ्या आदराची धोंडबाला सवय नव्हती, त्यामुळे तो उभाच राहिला.

"साहेब, कन्हाननं हाक दिली होती. मी सीटवर नव्हतो."

साहेबांनी वही उघडली. "तीन वाजताचं 'जैसे थे' कोणी लिहिलं?"

"मीच. दीडलेच लिहून ठेवलं होतं."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग तुम्ही होता की."

धोंडबानं खिशातून चंदेरी पट्टी काढून टेबलावर पसरली आणि सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, दिवा, तारा, एकट्या ओळी. काळमेघ साहेबांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्या रेडिओचा परवाना आहे?"

"नाही साहेब."

साहेब उठले, दार लोटून आले आणि पट्टीची गुंडाळी करू लागले. "गजभिये, ही पट्टी खरी मानली तर आधी तुम्हाला पोलिसात द्यावं लागेल. बरं, तेही जाऊ द्या. तुमची वही खोटी ठरली तर बावीस वर्षांच्या वह्या खोट्या ठरतात. त्यातल्या नऊ वर्षांवर माझ्या सह्या आहेत. ठेकेदार मग लहानूला सोडून आपल्या मानेवर बसेल. ही पट्टी मी पाहिली नाही. तुम्ही आज काही बोलला नाही." त्यांनी गुंडाळी धोंडबाच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात नीट बसवली. "तुमच्यासारख्या माणसाला जपायला पाहिजे."

धोंडबा म्हणाला, "साहेब, चूक माझी हाये."

"तब्येत सांभाळा," साहेब म्हणाले आणि बेल वाजवली.

जन्मभर ज्या चुकीला भ्याला, ती चूक घेऊन माणूस टेबलापर्यंत गेला आणि टेबलानं ती घेतली नाही. धोंडबानं पुन्हा लेखी अर्ज दिला, सुंदर अक्षरात. अर्ज आवक नोंदीपर्यंतही पोचला नाही. पंधरा दिवसांत निकाल लागला. लहानूची वही पेन्सिलीची, म्हणून अविश्वसनीय. लहानूला कामावरून कमी केलं. आणि धोंडबाला, हे ऐका, नोंदी आदर्श ठेवल्याबद्दल प्रशस्तिपत्र. शिवाय सगळ्या चौक्यांच्या ऑपरेटरांना वही कशी लिहावी ते शिकवायचं काम. मनोहररावानं टाळ्या वाजवल्या, मनापासून.

त्या रविवारी धोंडबानं पट्ट्या पसरल्या नाहीत. तारा उपटल्या, खोकी माळ्यावर टाकली आणि कन्हानची बस धरली.

लहानू कोळशाच्या डेपोवर ट्रकांचे नंबर लिहीत होता. धोंडबाला पाहून तो उठला, गमछ्यानं बाकडं झटकलं, आणि शेजारच्या टपरीवर दोन चहा सांगून आला. धोंडबा एका दमात बोलून गेला. मी सीटवर नव्हतो, माझ्या घरच्या मशीनवर तुझ्या तिन्ही हाका छापून हायेत, साहेबाले दाखवल्या, त्यानं पाहिल्या नाहीत.

लहानूनं सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, मी बोलावलं होतं हे मले माहीतच होतं ना," तो म्हणाला. "मशीन कायले पाह्यजे?"

चहा आला. लहानूनं आधी धोंडबाच्या हातात दिला.

"एक सांगू का गा भाऊ," लहानू म्हणाला. "पुलाचं काम चौकीपासून हाकेवर हाये. सायकलीनं गेलो असतो तर पाच मिनिटांत सांगून आलो असतो. पण मले माहीत होतं, दिवसाची पाळी तुमची. म्हटलं, गजभियेभाऊ हायेत सीटवर, आता बोलतीन, आता बोलतीन. दुसरं कोणी असतं तर मी वाटच पाह्यली नसती. पाणी चौकीत घुसलं, पायाले लागलं, तरी मी बॅटरी बुडून सेट बंद पडेपर्यंत कानाले रिसीव्हर लावून बसून राहिलो."

तो हे सांगताना रागावलेला नव्हता. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर धोंडबाला बरं वाटलं असतं.