शोभाला दिलेली हळद

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. सकाळचे अकरा. प्रताप नगर, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, हे, मुलगी रेवा, सासूबाई.

ही नोंद माझ्याच वहीतली, पाच वर्षांपूर्वीची. त्या सकाळी पुढे काय झालं ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही. आणि ही हजेरी खोटी आहे. पाचवं माणूसही होतं तिथे, सिंकपाशी भांडी घासत. शोभा. सात वर्षं रोज येत होती ती आमच्याकडे — आणि तिचं नाव लिहायचं मला सुचलंसुद्धा नाही.

त्या वर्षी मी घरातलं विष काढायला निघाले होते. तुम्ही हसाल, पण मी अशीच आहे. काहीही करायचं तर आधी यादी. पालेभाजी मिठाच्या पाण्यात बुडवून मग तीन पाण्यांतून काढायची. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून द्यायचं. दूध तापवायचा ॲल्युमिनियमचा गंज बाद, तिथे स्टीलचा. भाजी तीन पाण्यांतून काढायची, हे लिहिणारी मी. काढणारी कोण? शोभा. थंडीत तिची बोटं सुरकुतून पांढरी पडायची आणि मी वहीत टिक करायची.

मग हळद. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-मसाला भरताना बाजारातून सुटी हळद मी स्वतः निवडून आणली होती. पिवळीजर्द. डबा उघडला की डोळे दिपत. रंगावर भाळले — नंतर वाचलं, की असा रंग आणायला हळदीत शिसं असलेली पिवळी भुकटी मिसळतात. नमुना प्रयोगशाळेत दिला. त्या रविवारी रिपोर्ट हातात होता. हळदीत शिसं होतं, चालतं त्याहून पुष्कळ जास्त.

तो रिपोर्ट मी सगळ्यांना वाचून दाखवला, इंग्रजीत. कागद इंग्रजीत होता म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. हे म्हणाले, फेकून दे आजच. रेवा म्हणाली, शी, आई, आपण हे खात होतो? दोघं उठून गेले. सासूबाईंना एवढंच कळलं होतं की ही हळद आता वापरायची नाही. मी पिशवी उचलली, चांगली दोन किलो होती, आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळले.

"एवढी हळद काहून फेकून राहिली वं?" सासूबाई म्हणाल्या. "शोभाले दे ना."

शोभानं मागे वळून पाहिलं. हात पदराला पुसले.

एक वाक्य लागत होतं. शोभा, ही खराब आहे, यात विष आहे. किती वेळ लागतो एवढं बोलायला? मी पिशवी तिच्या हातात दिली.

"ताई, रंग पहा ना कसा आहे!" ती म्हणाली. "आमच्या तिकडची तं माती वाटते हिच्यापुढे."

वहीत मी लिहिलं — हळद: काढली. आणि टिक केली.

कारणं शोधलीत मी, हुशार बाईला शोभतील अशी. सासूबाईंपुढे वाद नको होता. मीच निवडलेली हळद विषारी निघाली, हे कामवालीपुढे कबूल करायची लाज वाटली. थोडीशी खाल्ल्यानं काय होतं? खोटं आहे सगळं. थोडीशी खाल्ल्यानं काही होत नसतं, तर माझ्या घरातून ती बाहेर का काढली? दोन किलो जिन्नस फेकायचं जिवावर आलं आणि समोर देऊन टाकायची सोय उभी होती. आमच्या घरांतली ही जुनीच रीत — शिळी पोळी, विटलेला रस्सा, तळ गेलेलं पातेलं, सगळं बाईला. वर पुन्हा दिल्याचं पुण्य आपल्यालाच.

इथवरच असतं, तर कदाचित मी कधीतरी बोलले असते.

पंधरा दिवसांनी शोभा सांगू लागली, की तिची मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला हुडकेश्वरला तिच्याकडे आली आहे, सहावा महिना संपला. "रोज रात्री हळदीचं दूध देतो तिले. तुमच्याच हळदीचं."

माझ्या हातात कोथिंबीर होती. मी निवडत राहिले. आणि काय बोलले, माहीत आहे? "हळद उष्ण असते गं. जरा कमी घाल."

शोभा हसली. "दुकानातली असती तं कमीच टाकली असती, ताई. तुमच्या घरची आहे ना. तुमचं सारं तपासून असते."

त्याच आठवड्यात भिशीच्या बायकांपुढे मी अर्धा तास बोलले — विषमुक्त स्वयंपाकघर. हळदीवर सगळ्यात जास्त बोलले. शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, हेही सांगितलं. बायकांनी लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मुलगा झाला. मनीषा नवऱ्याशी पटेना म्हणून पोराला घेऊन आईकडेच राहिली. तो आता साडेचार वर्षांचा आहे. फार उशिरा बोलायला लागला. अजून दोन-तीन शब्दांपुढे जात नाही. शोभा म्हणते, "याचा बापही असाच घुम्या होता म्हणतात." हळदीमुळेच झालं, असं मला म्हणता येत नाही. हळदीमुळे झालं नाही, असं म्हणायची तर मला मुळीच सोय नाही. पिशवी केव्हा संपली, तेही मी कधी विचारलं नाही.

शोभा अजून येते. आजही आली होती. मेथी तीन पाण्यांतून काढली, ओटा पुसला, चहा घेतला, गेली. पोराचं रक्त काढून त्यातलं शिसं तपासता येतं. कुठे तपासतात, ते मला ठाऊक आहे. रेवाचं मी रिपोर्ट आला त्याच महिन्यात तपासून घेतलं होतं.

शोभाला हे सांगायचं आहे. कशासाठी तपासायचं, तेही सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.