पहिल्या तासाला गणित

"मे आय कम इन, मॅडम?"

मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. संचाची व्याख्या लिहून झाली होती, मुलांकडून दोनदा म्हणवून घेतली होती, उदाहरणंही होत आली होती. दारात चार मुली उभ्या होत्या. हात निंबोळ्यांनी चिकट झालेले, ओढणीला वाळकी पानं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आली झाडू पार्टी!" आणि सगळी नववी 'ब' हसली.

मी म्हणाले, "या. बसा." दुसरं काय म्हणणार? रोज हेच चाललं होतं.

मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीएडमध्ये एक इंटर्नशिप असते. म्हणजे आम्ही काही महिने खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचं आणि तिथल्या शिक्षकांनी आमच्याकडे लक्ष ठेवायचं. मला मिरजगावच्या पुढची, हायवेपासून थोडी आत असलेली शाळा मिळाली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे शाळेत पंख्याचं बटण दाबतानाही मी आधी कुणाला तरी विचारत असे.

माझ्यावर लक्ष ठेवायला साळवे सर होते. शाळेचे गणिताचे सर आणि पर्यवेक्षक. शाळेचं वेळापत्रकही तेच करायचे. त्यांचा नववी 'ब' चा गणिताचा तास त्यांनी मला दिला होता, आणि देताना एकच वाक्य बोलले होते.

"थोरात, गणित पहिल्या तासालाच असतं. डोकं ताजं असताना. पोरांचंही आणि आपलंही."

दोन आठवड्यांनी मी निदान चाचणी घेतली. निदान चाचणी म्हणजे मार्कांसाठी नव्हे, तर कुणाला कुठे अडतंय ते कळण्यासाठीची छोटी परीक्षा. पेपर तपासताना मी चक्रावले. उशिरा येणाऱ्या त्या चारही मुलींना धड्यातलं शेवटचं गणित येत होतं, पण सुरुवातीची व्याख्या येत नव्हती. प्रत्येक गोष्टीचं शेपूट माहीत, डोकं नाही. मी चौघींच्या नावापुढे 'कच्च्या' असं लिहून ठेवलं. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवलं होतं. आधी कच्चे विद्यार्थी शोधा, मग त्यांना जादा शिकवा.

दुसऱ्या दिवशी रिक्त संच शिकवत होते. ज्या संचात एकही घटक नाही तो रिक्त संच. तास निम्मा झाल्यावर त्या चौघी नेहमीसारख्या आत येऊन बसल्या. मी उदाहरणं विचारली. "तीन शिंगांची गाय," एक जण म्हणाला. "आंघोळ न करता आलेला विशाल," दुसरा म्हणाला. विशाल लगेच उठला, "मॅडम, हे उदाहरण चुकीचं हाय, त्यात मी हाय!" हसणं थांबेपर्यंत त्या चौघींतली एक उभी राहिली होती. पल्लवी तिचं नाव. एरवी ती तोंड उघडत नसे.

"मॅडम, माळवस्तीवरून गणिताच्या तासाला वेळेवर येणाऱ्या मुलींचा संच."

वर्ग पुन्हा हसला. मला हसू आलं नाही. उदाहरण अगदी बरोबर होतं. ज्या मुलीला मी कच्ची ठरवलं होतं, तिने वर्गातलं सगळ्यात चांगलं उदाहरण दिलं होतं.

मधल्या सुट्टीत मी चौघींना गाठलं. त्यांच्या बोलण्यातून जे कळलं ते असं. माळवस्तीवरून एकच गाडी सोयीची. ती फाट्यावर येते तेव्हा शाळेत परिपाठ, म्हणजे प्रार्थना-प्रतिज्ञा, संपत आलेला असतो. त्याआधीची गाडी भल्या सकाळी निघते. ती शनिवारच्या सकाळच्या शाळेला चालते, रोज तिने आलं तर शाळेच्या बंद गेटवर बसून राहावं लागेल. एसटीची काही चूक नव्हती. ती तिच्या वेळेवर यायची. शाळाही तिच्या वेळेवर भरायची. फक्त दोघींची गाठ पडत नव्हती.

फाट्यावरून चालत येईपर्यंत पहिला तास सुरू. आणि गेटवर शेळके सर. ते पीटीचे. उशिरा येणाऱ्याने लिंबाखालचं ग्राउंड झाडायचं आणि मग वर्गात जायचं, हा त्यांचा नियम. जूनमध्ये त्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. झाडून होईपर्यंत निम्मा तास गेलेला.

मी म्हणाले, "शाळा सुटल्यावर थांबाल का? मी पुन्हा शिकवीन."

"सुटल्या सुटल्या गाडी हाय, मॅडम," पल्लवी म्हणाली. "ती गेली की मुक्काम तुमच्याकडंच."

मग मी धीर करून शेळके सरांकडे गेले. म्हटलं, या चौघींना झाडायला लावू नका.

"थोरात मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "आज यांना सोडलं की उद्या अख्खं गाव माळवस्तीवरून येईल. गाडीनं येणारा कोण आणि पाय ओढत येणारा कोण, मी कसं ओळखू? तिकीट बघू का गेटवर?"

ते खोटं नव्हतं. मी परत आले.

त्या आठवड्यात पल्लवी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने सांगितलं, "तिची आई न्हाई म्हणती आता. शाळा बंद."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलींच्याच गाडीने माळवस्तीवर गेले. पल्लवीची आई कांदाचाळीत सडका कांदा निवडत बसली होती. पल्लवी शेजारी कांद्याची पाटी घेऊन. मला बघून ती उठली आणि घरात पाणी आणायला गेली, ती लवकर बाहेर आलीच नाही.

"बाई, बसा," आई म्हणाली. हात थांबले नाहीत. "पोरीला न्यायला आला असाल तर एक सांगते. शेजारच्या आण्णांनी बघितलं तिला शाळेत झाडताना. मला म्हनले, पोरगी शाळेत कामाला लावली का काय? आता तुमीच सांगा. अंगान झाडायलाच जायचं तर घरचं अंगान काय कमी हाय का?"

"काकू, ती हुशार आहे."

"ते मला ठाव हाय. म्हनून तर राग येतो." तिने एक कांदा दाबून बघितला आणि बाजूला टाकला. "तुमच्यात शिकलेलं कोन हाय?"

"मीच पहिली."

"मग तुमाला तरी कळाया पायजे." तिने पल्लवीची पाटी स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "सोमवारी पाठवते. तुमच्या तोंडाकडं बघून. पन सोमवारी तिच्या हातात झाडू गेला, तर परत न्हाई. मग तुमी बी येऊ नका, मला तुमाला न्हाई म्हनायला लई वाईट वाटंल."

परतीच्या गाडीत मला एवढंच कळत होतं, की माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे आणि अधिकार काहीच नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये साळवे सरांसमोर जाऊन उभी राहिले. शेळके सर कोपऱ्यात चहा घेत होते.

"सर, नववी 'ब' चं गणित पहिल्या तासाला नको."

साळवे सरांनी चष्मा काढला. "काय नको?"

मी सगळं सांगितलं. अडखळत, उलटसुलट. पण सांगितलं.

सर म्हणाले, "वेळापत्रक पक्कं झालंय. मोठ्या सरांची सही झालीय. तुला वाटतं एक तास उचलला आणि दुसरीकडे ठेवला. एक हलला की सात हलतात. गणित इथं आलं, तर इथल्या मराठीच्या मॅडम कुठं जाणार? त्या तिकडं गेल्या, तर दहावीत क्लॅश." क्लॅश म्हणजे एकाच शिक्षकाचे एकाच वेळी दोन वर्गांवर तास येणं. वेळापत्रक करणाऱ्याला याच्याइतकी भीती कशाची नसते. "आणि पहिल्या तासाला गणित नाही तर काय ठेवायचं?"

"पीटी," मी म्हणाले.

शेळके सरांना ठसका लागला. "मला पहिला तास? आणि गेटवर कोण, तुम्ही?"

"सर, उशिरा येणाऱ्यांना तुम्ही ग्राउंडवरच थांबवता ना? पीटीचा तासही ग्राउंडवरच असतो. त्या चौघी उशिरा आल्या तर थेट तुमच्या तासालाच येतील." मला माझाच आवाज बारीक झाल्यासारखा वाटत होता. "आणि चित्रकलाही तुमच्याकडेच आहे. ज्या दिवशी पीटी नाही, त्या दिवशी चित्रकला."

मग साळवे सर हसले. "शेळके, पोरगी हिशेबात पक्की आहे."

"तुमचीच तालीम," शेळके सर म्हणाले. "पण पहिल्या तासाला पीटी कोणत्या शाळेत असते, सांगा."

"कोणत्याच नाही," साळवे सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "थोरात, विचार करतो असं मी म्हणत नाही. तुला खोटी आशा लागेल. गणित दुपारी गेलं की पोरं डुलक्या घेतात. चार मुलींसाठी बाकीच्या वर्गाचं ताजं डोकं घालवायचं का? नाही."

शनिवार-रविवार मी कसे काढले ते सांगत नाही.

सोमवारी मी लवकर गेले. स्टाफरूमच्या दारातच गरम हवा अंगावर आली. पंखा बंद. सगळे शिक्षक घामाघूम, हजेरीच्या कॅटलॉगने वारा घेत बसलेले, आणि तरी कुणी पंखा लावत नव्हतं.

हे मला समजावून सांगायला हवं. साळवे सर वेळापत्रक कॅरम बोर्डावर करतात. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी चौकोनी चिठ्ठ्या केल्यात, प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा. एका बाजूला शिक्षकाचं नाव आणि विषय, मागे कुणाच्या तरी लग्नातलं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असलं काहीतरी. या चिठ्ठ्या मांडताना वाऱ्याने उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवतात. आमच्या शाळेत पंखा बंद दिसला की समजायचं, तास हलतायत.

साळवे सर बोर्डावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "ये. बटणाला हात लावू नकोस."

मी काही विचारायच्या आधी तेच बोलले.

"काल चर्चहून येताना फाट्यावर चहाला थांबलो. ती गाडी बघितली. अगदी वेळेवर आली. आता गाडी हलणार नाही, शाळेची घंटा हलणार नाही. मग हलायचं कुणी? चिठ्ठ्याच हलतात." त्यांनी एक पिवळी चिठ्ठी उचलली आणि पहिल्या तासाच्या घरात ठेवली. ती शेळके सरांची होती. "गणित आता पाचव्या तासाला, मोठ्या सरांना सांगितलंय. जेवणानंतर. तुझी इंटर्नशिप संपली की तो तास माझ्याकडे येणार. तेव्हा डुलकी पोरांना लागते की मला, ते बघू."

"सॅलरी तीच ना, सर?" शेळके सर कपाळ पुसत म्हणाले. "घाम जास्त चाललाय."

त्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वरच्या व्हरांड्यात उभी राहिले. खाली नववी 'ब' ग्राउंडवर रांगेत होती. गेटमधून चौघी पळत आल्या. शेळके सरांचा हात सवयीने लिंबाला टेकवलेल्या झाडूकडे गेला. मग त्यांनी तोच हात वर नेला, शिट्टी तोंडात धरली आणि जोरात वाजवली.

"बघताय काय? दप्तरं खाली ठेवा. रांगेत!"

पल्लवी क्षणभर तशीच उभी राहिली. मग धावत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिचे हात मोकळे होते.

त्यानंतर ती एकही दिवस विनाकारण गैरहजर राहिली नाही. घटक चाचणीत ती वर्गात पहिली आली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. ती चांगली पास झाली. व्याख्या सगळ्या लिहिल्या होत्या. दुपारच्या तासाला दोन-तीन मुलं डुलक्या घेतात हे खरं आहे. साळवे सरांचं तेवढं म्हणणं बरोबर निघालं. डुलणाऱ्यांना मी उभं करून फळ्यापाशी बोलावते.

मी सरांचे आभार मानायला गेले तेव्हा ते म्हणाले, "माझे कसले? शेळकेचे मान. तो हल्ली मला चहा पाजत नाही." मी दोघांचेही मानले. पल्लवीच्या आईचेही मानायचे होते. तिने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं नसतं, तर साळवे सरांशी बोलायचा धीर मला झाला नसता. पुढच्या वेळी ती भेटली तेव्हा तिने मला बोलूच दिलं नाही. पिशवीभर कांदे हातात दिले आणि म्हणाली, "निवडलेलं हायेत. सडका न्हाई एक बी."

कच्चे विद्यार्थी कसे शोधायचे हे मला कॉलेजात शिकवलं होतं. आता त्यात मी माझ्यापुरती एक पायरी आधी घातली आहे. कुणाच्याही नावापुढे 'कच्चा' लिहिण्याआधी त्याची गाडी किती वाजता येते ते विचारायचं.

वेळापत्रक बदललं त्या पहिल्या दिवशी, पाचव्या तासाला, मी संचांची उजळणी घेत होते. पल्लवीने हात वर केला.

"मॅडम, त्या दिवशीचं माझं रिक्त संचाचं उदाहरण खोडायचं का? आता त्यात चार जणी हायेत."

"खोड," मी म्हणाले. "दुसरं शोधून आण."